विकास आराखड्यातल्या जमिनींच्या आरक्षणांची दहा वर्षं संपण्याआधी : नाशिकच्या १२२ नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय नगरसेविका आणि नगरसेवक,
नाशिक महानगरपालिका

विषय : परवडणारी घरं आणि शहराभोवतीची शेती, टेकड्या व नदीकाठ

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत या शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. जवळजवळ चार वर्षं सभागृहात उभं राहून आमच्या वतीने प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण हा विषय एखाद्या अर्जावर आवक क्रमांक पडला म्हणजे संपला असा नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने शहराभोवती रिंग रोडची आखणी झाली आणि शिवारातली बोलणीच बदलली. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, पिंपळगाव बहुला, कुठेही जा, बांधाबांधावर प्लॉटचे फलक दिसतात. आज जमीन ग्रीन झोनमध्ये, म्हणजे शेती विभागात, असली तरी उद्या यलो, म्हणजे रहिवासी, होणारच, असं एजंट छातीठोकपणे सांगतात. झोन बदलाचे असे विषय पुढे येतात तेव्हा त्यांच्यासोबत एक वाक्य ठरलेलं असतं : सर्वसामान्यांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. ते सर्वसामान्य म्हणजे मी आणि माझ्यासोबत काम करणारी माणसं. आमच्या नावावर जे मागून घेतलं जातं ते आमच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यापायी जे जातं त्यात आमचाही वाटा आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मी सिडकोत वाढले. वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. सिडकोने नवीन नाशकात सहा स्कीममध्ये घरं बांधली, त्यातलं दोन खोल्यांचं एक त्यांना हप्त्यांवर मिळालं. कारखाना सायकलच्या अंतरावर, शाळा आणि भाजीबाजार चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे वर एक खोली चढली, मागे मोरी झाली, आणि त्या घरात आम्ही तिघं भावंडं शिकलो. ही सगळी जमीन कामटवाडे, मोरवाडी, उंटवाडी, अंबड या गावांच्या शेतकऱ्यांची होती. आमच्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्या तरी शेतात उभं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून शेतजमिनीवर एकही घर नको, असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा शेत गेलं आणि त्याच्या जागी कामगाराला घर मिळालं. आज शेत जातं, आणि कामगार भाड्याच्या पत्र्याखालीच राहतो.

माझं आजोळ मखमलाबादचं. गंगापूरच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर मामांची द्राक्षबाग आहे. त्यांच्या शेजारची बाग दोन वर्षांपूर्वी निघाली. मालकाचा दोष मी काढणार नाही. ऐन काढणीत अवकाळीने झोडपलेल्या बागेवरचं कर्ज आणि दोन मुलींची लग्नं त्याच्यासमोर होती. मी सांगते आहे ती पुढची गोष्ट. लोखंडी अँगल आणि तारा भंगारात गेल्या. जेसीबीने द्राक्षाची खोडं उपटून बांधावर पेटवले. चांगलं पाणी असलेली विहीर शहरातून आलेल्या डबराने बुजवली. दोन शेतांच्या मधून एक ओहोळ वाहायचा, त्यात सिमेंटचा पाइप टाकून वरून मुरूम लोटला आणि तो झाला 'तीस फुटी रस्ता'. मग फक्की मारून प्लॉट पाडले. त्या ओहोळात पावसाळ्यात माणूस उतरला तर कमरेपर्यंत पाणी असायचं. पाइपात माझ्या धाकट्या मुलाला वाकून जावं लागेल. पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी मामांच्या बागेत शिरलं आणि चार दिवस मुळ्या पाण्यात राहिल्या. मामा तक्रार घेऊन एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. नकाशावर तिथे ओहोळच नाही, असं उत्तर त्यांना मिळालं.

आता त्या प्लॉटांवर घरं कोणाची, ते पाहा. बहुतेक प्लॉट रिकामेच आहेत. मुंबई-ठाण्याच्या आणि नाशिकच्याही लोकांनी पैसे गुंतवून ठेवलेत. दोन-तीन बंगले उभे राहिले. कामगाराचं घर एकही नाही.

मी अंबडमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. पगारपत्रकं माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे कोणाच्या हातात किती पडतं हे मला कळतं. आमच्याकडे कंत्राटी कामावर एक मशीन ऑपरेटर आहे, सुरगाणा तालुक्यातून आलेला, बायको आणि दोन मुलांसह चुंचाळे शिवारात पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतो. कंत्राटी माणसाला बँक गृहकर्ज देत नाही. मग त्याने गावाकडची दोन बैलं आणि बायकोचे दागिने विकून, शहराच्या कडेला एक गुंठा घेतला. कागद दाखवायला माझ्याकडे आला. नोटरी केलेलं साठेखत होतं, म्हणजे पुढे विक्री करू एवढाच करार. सात-बाऱ्यावर त्याचं नाव लागणार नव्हतं, बिनशेती झालेली नव्हती. चतुःसीमेत लिहिलं होतं : पूर्वेस नियोजित रस्ता, दक्षिणेस ओहोळ. मी त्याला विचारलं, हा ओहोळ प्लॉटपासून किती लांब आहे? तो म्हणाला, "ताई, प्लॉट त्याच्यातच आहे, पण एजंट म्हणाला भर टाकली की झालं."

हे दोन प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवले. ओहोळ बुजवून झालेल्या प्लॉटिंगमध्ये गरिबाला जागा परवडत नाही, आणि जी परवडते ती ओहोळातच असते. ज्यांना हिरवी जमीन वाचवायची आहे आणि ज्यांना घर हवं आहे ते एकमेकांचे शत्रू आहेत, असं चित्र उभं केलं जातं. नाशकात तरी तसं नाही. दोघांचं नुकसान एकाच दुर्लक्षातून होतं आहे. ते दुर्लक्ष कुठे कुठे आहे, ते आता सांगते.

सगळ्यात तातडीची गोष्ट आरक्षणांची. नाशिकच्या सुधारित विकास आराखड्याला जानेवारी २०१७ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली. उद्यानं, क्रीडांगणं, शाळा, दवाखाने, दुर्बल घटकांची घरं यांच्यासाठी खासगी जमिनींवर आरक्षणं पडली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ तुमच्यापैकी जुन्या सदस्यांना तोंडपाठ असेल, नव्यांसाठी लिहिते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. म्हणजे ज्या वर्षी सगळं शहर सिंहस्थाच्या गर्दीत असेल, त्याच वर्षी या नोटिसा यायला सुरुवात होईल. तुमच्या कार्यकाळातच हा प्रश्न दारात येणार आहे आणि तो टाळता येणार नाही.

यात जमीनमालकावरही अन्याय आहे, तो मला दिसतो. शेतावर आरक्षण पडलं की त्याला धड गिऱ्हाईक मिळत नाही, त्यावर बांधता येत नाही, बँक दारात उभं करत नाही. दहा वर्षं माणसाला असं टांगून ठेवायचं आणि मग पैसे नाहीत म्हणून हात वर करायचे, हे बरोबर नाही. रोख मोबदला सगळ्यांना एकदम देणं महापालिकेला झेपणार नाही, हेही खरं. पण टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) आहे, टप्प्याटप्प्याने संपादन आहे, अग्रक्रम ठरवणं आहे. कोणत्या जागा आधी घ्यायच्या, हे ठरवायला पैसे लागत नाहीत. नदीकाठच्या, टेकड्यांच्या पायथ्याच्या आणि दाट वस्तीतल्या जागा एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. त्या आधी घ्या.

दुसरी गोष्ट वीस टक्के घरांची. २०१३ पासून राज्यात नियम आहे, आणि आजच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही तो आहे, की दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प होत असेल तर त्यातली वीस टक्के घरं किंवा भूखंड दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे. ४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, तेव्हा नियम आपल्याला लागू आहे यात शंका नाही. ही घरं म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीतून द्यायची असतात. २०२२ मध्ये नाशिकच्या याच घरांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. भूखंड मर्यादेच्या खाली बसावा म्हणून त्याचे तुकडे पाडल्याचे आरोप झाले. त्यात कोण दोषी ते ठरवायला मी बसलेले नाही. मला एवढंच कळतं, की गेल्या दहा-बारा वर्षांत गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव नाका या भागांत जेवढे मोठे गृहप्रकल्प झाले, त्यातली वीस टक्के घरं नियमाप्रमाणे मिळाली असती तर एकही नवी द्राक्षबाग न तोडता हजारो कुटुंबांची सोय झाली असती. तीही शाळा, दवाखाना, रस्ता, नळ आधीच असलेल्या भागात. शहराच्या कडेला स्वस्त घर घेणाऱ्याला जाण्या-येण्यात जे पैसे आणि तास घालवावे लागतात त्यांचा हिशेब कुठल्याच प्रकल्पाच्या माहितीपत्रकात नसतो. माझ्या टेबलावर मात्र तो रोज येतो : उशिरा हजर, अर्धा दिवस कापला.

मोठ्या प्रकल्पातला एखादा फ्लॅट घ्यायला जाणारा मध्यमवर्गीय म्हणेल, या वीस टक्क्यांचा भार माझ्यावर पडतो. पडतो, थोडा पडतो. पण त्याच्या घरी भांडी घासायला येणारी बाई, सोसायटीचा वॉचमन, दूधवाला हे सगळे कुठून येतात, याचा विचार त्यानेही करावा.

तिसरी गोष्ट थोडक्यात. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खालचे आराखड्यातील फेरबदल तुमच्या ठरावाने सुरू होतात. असे विषय आयत्या वेळच्या विषयांत येऊन चर्चेशिवाय मंजूर होऊ नयेत. हरकतींसाठी एक महिना मिळतो, पण सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात. ज्याच्या शेताशेजारी बदल होणार त्याला कळेपर्यंत महिना उलटून जातो. आणि नियमावलीत पंतप्रधान आवास योजनेसारख्या प्रकल्पांना शेती विभागातही परवानगीची तरतूद आहे. हेतू चांगला आहे. पण त्या वाटेने आत शिरलेल्या प्रकल्पात शेवटी छोटी घरं किती झाली आणि ती कोणाला गेली, हे मोजणारं कोणीतरी हवं.

नदीबद्दल. सप्टेंबर २००८ चा पूर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ऑगस्ट २०१९ चा तर सगळ्यांनीच. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आपण पुराची उंची मोजतो, दोन्ही वेळा पाण्याखाली गेला, सराफ बाजारात पाणी घुसलं. २००८ नंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तेव्हापासून या रेषा मागे सरकवा अशी मागणी अधूनमधून होत असते. रेषेच्या आत ज्यांची जुनी घरं अडकली आहेत त्यांची अडचण खरी आहे, त्यांना पुनर्विकासासाठी वेगळा मार्ग द्या. पण रेषा कागदावर सरकली तरी पाणी पूर्वीच्याच जागी येणार. आणि गोदावरीइतकंच लक्ष नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्याकडे आणि त्यांना मिळणाऱ्या निनावी ओहोळांकडे द्या. शहरात पाणी तुंबतं ते याच ओहोळांच्या जागी.

टेकड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पांडवलेणी आणि चांभारलेणी सोडली तर आपल्या टेकड्यांकडे शहर म्हणून आपण कधी पाहतच नाही. एकास पाचपेक्षा (पाच फूट अंतरात एक फूट चढ) जास्त उतारावर बांधकाम करता येत नाही, असा नियम आहे. म्हणून आधी पायथ्याचा मुरूम उचलला जातो. डंपर रात्री चालतात. उतार कमी झाला की मग मोजणी. बेळगाव ढग्याजवळच्या संतोषा आणि भागडी डोंगरांच्या खाणकामाविरुद्ध, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या खोदकामाविरुद्ध लोकांनाच उभं राहावं लागलं. हे भाग तुमच्या हद्दीबाहेर, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहेत, हे मला माहीत आहे. पण ब्रह्मगिरीच्या बाजूचं पाणी गंगापूर धरणात येतं. त्या धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आणि आपलं शहर त्याच्यावर जगतं. डोंगर उघडा केला की त्याची माती धरणातच येऊन बसणार. तुमच्या नळाला येणारं पाणी ज्या डोंगरावरून येतं त्याच्याबद्दल बोलायला तुम्हाला हद्द आड येऊ नये.

हे जपणं अशक्य आहे असंही नाही. रामशेजजवळचं बोरगड २००८ मध्ये राखीव संवर्धन क्षेत्र झालं, राज्यातलं पहिलं. गावकरी, वनविभाग आणि नाशिकचे पक्षीमित्र यांनी मिळून ते केलं. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर जून २०१५ मध्ये नाशिककरांनी हजारो देशी झाडं लावली आणि नंतर उन्हाळ्या-उन्हाळ्यात पाणी घालून ती जगवली. आज तिथे देवराई आहे. या शहरातल्या माणसांना हिरवं हवं आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी दाखवलं आहे. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेही तुम्ही पाहिलंत. तिथे निदान झाडं होती, त्यांवर खुणा होत्या, मोजता येत होती. काळी जमीन, विहीर, ओहोळ, डोंगराचा उतार यांच्यावर कोणी खुणा करत नाही. ते गेल्यावर आंदोलनही होत नाही.

आणि शहराच्या आत? ले-आउट करताना दहा टक्के ओपन स्पेस सोडायची असते. आमच्या कॉलनीतल्या अशा जागेवर आधी समाजमंदिर झालं, मग शेजारी अभ्यासिका. अभ्यासिकेला कुलूप आहे, समाजमंदिर लग्नाला भाड्याने जातं, आणि संध्याकाळी मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. आपल्या कारकिर्दीत काहीतरी उभं राहिलेलं दिसावं असं प्रत्येक लोकप्रतिनिधीला वाटतं, ते स्वाभाविक आहे. पण मोकळी जागा मोकळी ठेवली, हेही काम आहे. त्यावरही तुमच्या नावाचा फलक लावा, आम्ही टाळ्या वाजवू.

शेवटची तक्रार काझीच्या गढीची. जुन्या नाशकात गोदाकाठी मातीच्या त्या उंचवट्यावर कुटुंबं राहतात. दर पावसाळ्यात माती ढासळते, दर पावसाळ्याच्या तोंडावर घरं रिकामी करा अशा नोटिसा येतात. जुन्या वाड्यांमधल्या भाडेकरूंचंही तेच. नोटीस घेऊन त्या माणसाने जायचं कुठे, हे नोटिशीत लिहिलेलं नसतं. परवडणाऱ्या घरांचा प्रश्न खरोखर सोडवायचा असेल तर सुरुवात इथून व्हायला हवी. या लोकांचा धंदा रविवार कारंजा, भद्रकाली, फूलबाजार इथे आहे. त्यांना शहराच्या टोकाला नेऊन टाकलं तर ते परत येतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आता मागण्या. सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत, किंवा तुमच्या ठरावाने वर जाऊ शकणाऱ्या आहेत.

डिसेंबर २०२६ च्या आत विकास आराखड्यातील प्रत्येक आरक्षणाची यादी गट क्रमांक, क्षेत्र आणि सद्यस्थितीसह मराठीत जाहीर करा. ताब्यात आलेली, प्रक्रियेतली आणि हातही न लावलेली अशी वेगळी दाखवा. त्यातून संपादनाचा अग्रक्रम ठरवून अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करा आणि ती दुसरीकडे वळवता येणार नाही असा ठराव करा. दुर्बल घटकांच्या घरांसाठी असलेली आरक्षणं आणि उद्यानांची आरक्षणं, दोन्ही एकाच यादीत, एकाच तळमळीने. एकाचा बळी देऊन दुसरं नको.

वीस टक्के घरांची प्रकल्पवार नोंद संकेतस्थळावर टाका : परवानगी कधी दिली, किती घरं देणं होतं, म्हाडाकडे किती गेली, सोडतीत किती निघाली. इथून पुढे ही घरं तयार झाल्याशिवाय त्या प्रकल्पातल्या बाकीच्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. लगतच्या तुकड्यांवर एकाच मालकाचे किंवा एकाच विकासकाचे प्रस्ताव आले, तर ते एक भूखंड धरून तपासा.

ही नोंद लोकांसमोर येईपर्यंत शेती विभागातून रहिवासी विभागात बदलाचा एकही नवा प्रस्ताव सभागृहाने मंजूर करू नये. त्यानंतरही जो येईल तो आयत्या वेळचा नसावा, त्याचा फलक प्रत्यक्ष त्या जमिनीवर लावावा आणि सुनावणी त्या प्रभागात, संध्याकाळी व्हावी, म्हणजे कामाला जाणारी माणसंही येऊ शकतील.

शहर वाढणार, तेव्हा कुठली ना कुठली जमीन खुली करावी लागेल. ती निवडताना कालव्याखालची बागायती, टेकड्यांचे पायथे आणि पूररेषेतली जमीन वगळा. पाणी, मलवाहिनी आणि सिटीलिंकची बस जिथे आधी पोहोचली आहे, किंवा आधी पोहोचवता येईल, तीच जमीन घ्या. कारखान्यांच्या जवळची घ्या. आणि खुली केलेल्या जमिनीवर निम्मं बांधकाम लहान घरांचं असावं, तीस ते साठ चौरस मीटरच्या आत. त्यातही काही भाड्याने देण्यासाठी महापालिकेने किंवा म्हाडाने स्वतःकडे ठेवावीत. ज्याला बँक कर्ज देत नाही त्याला विकतच्या घराची सोडत काय कामाची? सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला परवडणारी, पक्क्या भिंतींची, पावतीसह भाड्याची खोली मिळाली तर तो ओहोळातला गुंठा घेणार नाही. शेतकऱ्यालाही या जमिनीचा मोबदला आणि त्यानंतरच्या वाढलेल्या किमतीत वाटा मिळावा. काही वर्षांपूर्वी मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारातल्या स्मार्ट सिटीच्या नगररचना योजनेला (जमिनी एकत्र करून त्यांचे नव्याने भूखंड पाडण्याच्या योजनेला) शेतकऱ्यांनी जो विरोध केला, त्यामागे अविश्वास होता. तो दूर करायचा तर आधी त्यांच्यासोबत बसा, मग नकाशे काढा.

शहरातला प्रत्येक नाला आणि ओहोळ पावसाळ्यात प्रत्यक्ष फिरून मोजा, त्यांच्या दोन्ही काठांवर दगड रोवा आणि आराखड्यात त्यांची नोंद करून घ्या. पूररेषेत कुठलाही बदल करण्याआधी त्यामागची मोजमापं जाहीर करा. टेकड्यांसाठी सभागृहाने एकमुखाने ठराव करून शासनाकडे आणि प्राधिकरणाकडे पाठवावा, की खोदाई झालेल्या डोंगराचा उतार मोजताना मूळचाच उतार धरला जावा.

काझीच्या गढीवरच्या आणि धोकादायक वाड्यांमधल्या कुटुंबांसाठी जुन्या नाशकापासून चालत जाण्याच्या अंतरावर घरं निश्चित करा. पुढच्या पावसाळ्यातल्या नोटिशीवर त्या घराचा पत्ता छापलेला असावा.

यातलं काय शक्य आहे आणि काय नाही, हे तुम्ही सभागृहात उभं राहून सांगा. जे शक्य नाही त्याचं कारणही सांगा, आम्हाला ते ऐकायचं आहे. या पत्राची प्रत माझ्या प्रभागातल्या सदस्यांच्या हाती मी स्वतः देणार आहे. ज्यांना हे पटतं त्या वाचकांनीही आपापल्या प्रभागात द्यावी आणि पुढच्या महासभेत आरक्षणांच्या यादीचा विषय पत्रिकेवर आला की नाही, ते पाहावं.

आपली,
नवीन नाशिक येथील एक रहिवासी